कागदात नसलेली पाळी

इरा आणि मिहिर,

गेल्या महिन्यात इराने मला फोनवर एक फोटो पाठवला. ती तिकडे आणखी तिघींबरोबर ज्या घरात राहते, तिथल्या फ्रिजवर लावलेल्या कागदाचा. भांडी कुणी कधी घासायची, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, पाहुणे किती दिवस राहू शकतात, असं सगळं क्रमाने लिहिलेलं आणि खाली चौघींच्या सह्या. इराने विचारलं होतं, "आजी, ॲग्रीमेंटला मराठीत नेमकं काय म्हणायचं? मला वहीत लिहून ठेवायचंय." मी आयुष्यभर नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा अशा प्रश्नाला मला वेळ लागत नाही. मी लगेच कळवलं, 'करार. लेखी असेल तर करारनामा.' नंतर चहा घेताना तो फोटो मोठा करून पाहिला. अगदी तळाशी एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की या कागदापलीकडे आपल्यात तोंडी ठरलेलं काहीही धरलं जाणार नाही. ती वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. हीच ओळ मी सोळाव्या वर्षी, आमच्या मळ्यातल्या आंब्याखाली बसून, स्वतःच्या हाताने लिहिली होती. माझी कपाटं लावून झाली आहेत. बँकेचे कागद तुमच्या बाबाला दाखवून झाले आहेत, कोणती भांडी कुणाला द्यायची याची यादीही झाली आहे. हे एवढं सांगायचं राहिलं होतं. तुमच्या बाबालाही ते ठाऊक नाही.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला. तुम्ही पाहिलं तेव्हा तिथे चोहीकडे ऊस होता. माझ्या लहानपणी ऊस कालव्याच्या कडेने, आणि बाकी सगळं विहिरीच्या जिवावर. मी मात्र शाळेसाठी भिंगारला मामाकडे राहत होते. मामा लष्कराच्या कचेरीत कारकून होते. साहेब लोक गेले तरी कचेरीचं कामकाज इंग्रजीतच चाले, आणि मामांचं मन त्यात रमे. पहाटे बिगुल वाजला की ते उठत. दाढी करताना मला स्पेलिंगं विचारत. रविवारी बाजारातून पाव आणत, आणि दुपारी मामी निजली की जुन्या मसुद्यांच्या कार्बन-प्रती माझ्यापुढे ठेवून म्हणत, "शालन, वाच. इंग्रजी हे असं असतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही." बंगल्याच्या बागेचा ठेका, खाणावळीच्या दुधाचा पुरवठा, धोब्याचं काम, असल्या गोष्टींचे ते मसुदे होते. पण त्यांतल्या वाक्यांना एक चाल होती. प्रत्येक मसुद्याच्या वरती 'ॲग्रीमेंट' हा शब्द ठळक अक्षरांत असे. मला तो फार आवडे. दोन माणसांच्या मधली सगळी धुसफूस झाडून, पुसून, एकाखाली एक आकडे घालून मांडायची, ही कल्पनाच मला पटली होती. मला लहानपणापासून वस्तू जागच्या जागी लागतात, हे तुमचा बाबा तुम्हाला सांगेलच.

गावच्या घरात तो शब्द नव्हता. तिथे 'ठरलंय' हा शब्द होता. बैल कुणाचा कधी न्यायचा, खळ्यावर आधी कुणाची मळणी, पोरीला माहेरी कधी पाठवायचं, सगळ्याला एकच उत्तर, "ठरलंय त्ये." कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे कुणी विचारत नसे. आता पाहा, भाजीवालीसुद्धा मला सांगते, "आजी, माझ्या गाळ्याचं अग्रीमेंट संपलंय." आमच्या इमारतीतले भाडेकरू दर अकरा महिन्यांनी तो शब्द उच्चारतात. तेव्हा गावात तो फक्त माझ्या तोंडी होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

घरात आबा, म्हणजे माझे वडील, आई, माझ्यापाठचा वसंता, जो तेव्हा आत्याच्या मांडीवरून खाली उतरत नसे, आणि आत्या. आत्या आबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत कुंकू पुसलं गेलं तशी ती परत आली आणि मळा तिने आपला मानला. आई घर बघे, आत्या मळा बघे. तिचा आवाज बांधावरून गावापर्यंत येई. थंडीत ती हुलग्याची शेंगोळी करी, चुलीवर मोठ्या पातेल्यात, लसणाचा ठसका घरभर. कढत कढत वाढून म्हणे, "खा, भिंगारच्या पावात काय हाय? वारा भरल्याला." सगळ्यात तिचं लाडकं म्हणजे लिंबाचं लोणचं. पण लिंबं विकतची, आणि हे तिला बोचे. आपल्या मळ्यात लिंबाची बाग पाहिजे, असं ती मी पाळण्यात असल्यापासून म्हणत होती, असं आई सांगे.

बाग होत नव्हती ती पाण्यामुळे. आमची विहीर सामायिक होती. अर्धी आमची, अर्धी तात्यांची. तात्या आमच्या नात्यातले नव्हते, भावकीतलेही नव्हते. त्यांच्या आजोबांनी आणि आमच्या पणजोबांनी मिळून बांधावर ती खणली होती. दोन बाजूंना दोन मोटा, दोन थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी पडायचे दगडी हौद, आणि दोघांच्या शेतांकडे जाणारे दोन पाट. चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. तात्या आबांहून दहा-बारा वर्षांनी मोठे, उंच, कमी बोलणारे, आणि बोलले तर चेष्टेत. त्यांची बायको भागानानी आणि आत्या यांची मैत्री अशी, की एकीच्या घरी कालवण बिघडलं तर दुसरीकडून वाटी येई. त्यांची मुलगी हिरा माझ्या वयाची.

भावकीबाहेरच्याशी विहीर सामायिक असण्याचा आत्याला कोण अभिमान. तिचं म्हणणं असं, की भावकीतल्या दोन घरांची विहीर असली तर एकाकडे माणूस गेलं की दोन्ही घरांना सुतक, मग मोट हाकणार कोण? आमच्याकडे तसं नव्हतं. ज्या घरी मयत झाली त्या घरचं कुणी तेरा दिवस शेतात पाय ठेवत नसे, औताला, मोटेला हात लावत नसे. तेवढे दिवस दुसऱ्या घराने आपली पाळी तर चालवायचीच, पण त्यांच्या पाळीच्या दिवशी त्यांच्या शेताला पाणीही द्यायचं. आपल्या बैलांनी, आपल्या हातांनी. आणि पहिल्या दिवसापासून भाकरीचं टोपलं न्यायचं. सुतकाची पाळी म्हणत तिला. तात्यांचे वडील गेले तेव्हा आबांनी तेरा दिवस दोन्ही शेतं भिजवली होती. तात्यांनी आभार मानले नाहीत, आबांनी काही बोलून दाखवलं नाही. ठरलेलंच होतं ते.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी गावी आले त्या उन्हाळ्यात विजेचे खांब आमच्या शिवारापर्यंत आले. आबा आणि तात्या तालुक्याला वीज कचेरीत जाऊन आले. विहीर सामायिक, तेव्हा दोघांत पाण्याबद्दल काय ठरलंय ते लिहून आणा, दोघांच्या सह्या घाला, मग मोटारीचं बघू, असं तिथल्या बाबूंनी सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली गोष्ट लिहायची कशी, हा दोघांना प्रश्न पडला. आबा म्हणाले, "आमच्या शालनला येतंय. भिंगारात मामाजवळ तिनं आसले कागद वाचल्यात." माझे कान तापले. मी पेटीतून मामांनी दिलेली कार्बनची एक प्रत काढली, कोऱ्या कागदांवर रेघा मारल्या आणि मळ्यात आंब्याखाली बसले. दोन्ही घरं जमली. भागानानींनी येताना शेंगदाणे भाजून आणले होते.

"वर काय ल्हिलंस गं येवढं मोठं?" तात्यांनी विचारलं.

"ॲग्रीमेंट."

"आन् त्येचा आर्थ?"

"दोघांनी मिळून ठरवलेलं. पक्कं."

"मंग कच्चं काय हुतं आमचं?" तात्या म्हणाले आणि सगळे हसले. "किसना, तुझी पोरगी वकील झाली. आता आपल्याला कोर्टात हुबं करती बघ."

"लग्नाचं आसतं का गं तसलं?" हिराने विचारलं.

"लग्नाला कुटं कागुद लागतो?" आत्या म्हणाली. "लग्नाला तांदूळ लागत्यात. नि नवरा."

मी हसले नाही. मी कलमं घालत होते. पहिलं, विहीर समाईक आहे. दुसरं, चार-चार दिवसांची पाळी, सूर्योदयापासून मोजायची. तिसरं, एकाच्या पाळीत दुसऱ्याने मोटारीच्या पेटीस हात लावू नये. हे मी दुधाच्या ठेक्याच्या मसुद्यावरून बेतलं होतं. चौथं, ज्याने आपल्या पाळीत पाणी घेतलं नाही त्याची ती पाळी गेली असं समजावं. मोठ्याने वाचत गेले तसे आबा मान डोलवत गेले. तात्या शेंगदाणे सोलून वसंताच्या हातावर ठेवत होते.

"आन् सुतकाची पाळी?" आत्याने विचारलं. "ती घाल की."

मी लेखणी थांबवली. ते कुठे बसवायचं ते मला कळेना. सुतक कधी येईल, किती दिवसांचं, कुणाचं, याला आकडा नव्हता. मामांच्या कुठल्याही मसुद्यात मरणाचं कलम नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, असलं काही ॲग्रीमेंटात घालायचं नसतं."

"का? ते ठरल्यालं न्हाई व्हय?"

"ते सगळ्यांना ठाऊकच आहे ना."

"पाळी बी सगळ्यास्नी ठावं हाय. ती कशी ल्हिली?"

"आक्का, जाऊ दे," आबा म्हणाले. "ती शिकल्याली हाय. तिला कळतंय."

आत्या शेंगदाण्यांची टरफलं गोळा करायला लागली. तिला पटलं नव्हतं. मसुद्याच्या शेवटी असते तशी एक ओळ घालायची तेवढी राहिली होती. इंग्रजीत ती फार डौलदार होती, मराठीत आणायला मला अर्धा तास लागला. 'याखेरीज उभयतांमध्ये तोंडी काहीही ठरलेले नाही. ठरले असल्यास ते यापुढे रद्द समजावे.' मी ती वाचली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. ऐकायला छान वाटली असणार. आबांनी सही केली. तात्यांनी अंगठा उठवला आणि शाई आंब्याच्या खोडाला पुसली. मामांना मी नक्कल पाठवली. त्यांचं पोस्टकार्ड आलं, की मसुदा निर्दोष आहे. ते कार्ड मी बरीच वर्षं जपलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला मोटर बसली. त्याआधीच, पाऊसकाळात, आत्याने आपली बाग लावली. मोटर येणारच होती. दीड एकर मुरमाड रान, त्यात तिने मापून खड्डे घेतले, शेणखत घातलं, आणि शंभरावर रोपं लावली. दर रोपाला तिने हातभर उंचीची काठी रोवली. मी तोवर नगरला कॉलेजात जाऊ लागले होते. सुट्टीत आले की ती मला रोपांच्या रांगांमधून हिंडवी. पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरी. "वास घे. हाय का भिंगारात?" मोटारीचा आवाज तिला आवडत नसे, बैलांना नावं घेऊन हाकता येई तसं या यंत्राशी बोलता येत नाही म्हणे. पण चार दिवसांच्या पाळीत सगळी बाग भिजे, म्हणून ती आवाज सोसत होती.

पुढच्या वैशाखात ती आजारी पडली. आधी साधा ताप, मग छातीत भरलं. त्या आठवड्यातली आमची पाळी अर्धीच झाली, आबा तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. ती परत आली ती टेम्पोतून, चादरीत. मी आदल्या दिवशीच सुट्टीला आले होते. ते सगळं मी इथे लिहीत नाही. मला ते नीट लिहिता येणार नाही.

चूल पेटली नाही. भागानानी भाकरीचं टोपलं घेऊन आल्या, वर फडकं, आत बाजरीच्या भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा. पहिल्या दिवशी, दुसऱ्या, तिसऱ्या. पाव्हणेरावळे येत होते, त्या सगळ्यांना पुरेल एवढं त्या आणत. येऊन दाराशी बसत, आत्याच्या जागेकडे बघत आणि उठून जात. तात्या सकाळ-संध्याकाळ आमच्या गोठ्यात येऊन बैलांना वैरण-पाणी करत. बैलांबद्दल कागदात काही नव्हतं. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले असत. भाकरी पुढे आली की खात. मळा गावापासून अर्ध्या कोसावर, तिकडे जायचं नव्हतंच, आणि जायची गरज आहे असं त्यांना वाटतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आबा अस्थी घेऊन संगमावर गेले, रात्री तिकडेच मुक्काम करून यायचे होते. आई बायकांमध्ये आत बसली होती. तात्या गोठ्यातून आले आणि अंगणातच उभे राहिले.

"शालन, त्यो कागुद हाय का तुझ्याजवळ?"

मी आणला. त्यांनी हात धोतराला पुसले, पण कागद हातात घेतला नाही.

"वाच बरं."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ऊन तापत होतं. तात्यांनी डोळे बारीक करून सगळं ऐकलं.

"सुतकाचं हाय का त्यात?"

"नाही."

"कालपास्नं तुमची पाळी लागली. म्या मोटर लावू का नगं?"

मुलांनो, मी तेव्हा काय विचार करत होते हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. मला वाटतं, मी विचार करतच नव्हते. मला एक प्रश्न विचारला होता, उत्तर माझ्या हातातल्या कागदात होतं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणी मला येणाऱ्या विषयातलं काही विचारलं होतं. मी म्हटलं, "कागदाप्रमाणे दुसऱ्याच्या पाळीत पेटीला हात लावता येत नाही, तात्या. आणि शेवटी लिहिलंय, तोंडी काही धरायचं नाही."

"ह्याच्यावर तुझ्या आबाची सही हाय?"

"हो."

"आन् माझा आंगठा."

"हो."

त्यांनी वाकून कागदावरचा आपला अंगठा पाहिला. काहीतरी आणखी विचारायचं होतं त्यांना, असं मला आता वाटतं. मग म्हणाले, "बरं," आणि गेले. संध्याकाळी बैलांना पाणी पाजायला आले तेव्हा माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आबा दुसऱ्या दिवशी संगमावरून आले. मी त्यांना हे सांगितलं नाही. विसरले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. सांगण्यासारखं काही घडलंय, असंच मला वाटलं नव्हतं. कुणी शब्दाचा अर्थ विचारला, मी सांगितला, एवढंच.

चौदाव्या दिवशी आबा मळ्यात निघाले. भाकरी घेऊन मी त्यांच्या मागे. बांध चढल्याबरोबर ते थांबले. रोपांच्या रांगा तशाच होत्या, काठ्या तशाच उभ्या होत्या, पण पानं वळून, करपून, कागदासारखी झाली होती. आबा एका रोपाजवळ खाली बसले. अंगठ्याच्या नखाने त्यांनी खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं असलं तर झाड जगतं. आत हिरवं नव्हतं. ते दुसऱ्या रोपाकडे गेले, मग तिसऱ्या, अशी एक पूर्ण रांग त्यांनी नखाने तपासली. मी टोपलं डोक्यावर घेऊन तिथेच उभी. त्यांच्या पाळीचे दिवस होते, मोटर चालू होती आणि बांधापलीकडे तात्यांचा लसूणघास हिरवागार डुलत होता. तात्या तिथे दारं धरत होते, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होते. आम्हाला पाहून त्यांनी खोरं टेकवलं आणि बांधाशी आले.

"तात्या," आबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. "तेरा दीस तुज्या घरची भाकर खाल्ली. मला वाटलं, भाकर येतीया तर पानी बी जात आसंल."

तात्यांनी मुंडासं काढून काखेत धरलं.

"वीज नव्हती का?"

"हुती."

"मोटर बिघडली हुती?"

"न्हाई."

"मंग? तुजा बा गेला तवा म्या काय केलं हुतं, इसरला तू? आक्कानं लावल्याली रोपं हुती ही. तुला ठावं न्हाई?"

तेव्हा तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रागाने नाही. मी एखादं लहान मूल असावं आणि पडायच्या बेतात असावं, तसं पाहिलं. माझ्या जिभेवर ते वाक्य होतं. तात्या विचारायला आले होते, मीच नाही म्हटलं. एवढंच बोलायचं होतं.

"न्हाई जमलं, किसना," तात्या म्हणाले.

"न्हाई जमलं?"

"न्हाई जमलं, बाबा."

आबांनी माझ्या डोक्यावरचं टोपलं उतरवून घेतलं, बांधावर ठेवलं आणि घरी चालायला लागले. ते टोपलं भागानानींचं होतं, आदल्या दिवसापर्यंत त्यात त्यांच्या भाकरी येत होत्या. मीही आबांच्या मागे निघाले. मागे वळून पाहिलं तर तात्या अजून बांधावर उभे होते आणि त्यांच्या वाफ्यातलं पाणी फुटून रस्त्यावर वाहत होतं.

त्यानंतर दोन घरांत बोलणं राहिलं नाही. भांडण झालं नाही, कोर्ट नाही, पंच नाहीत. पाळी कागदाप्रमाणे चालली, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. मामांनी पाहिलं असतं तर खूश झाले असते. पुढे आबांनी वरच्या रानात वेगळी विहीर घेतली, आणि जुन्या विहिरीवर आमचं जाणं सुटलं. लिंबाची रोपं त्यांनी उपटली नाहीत. ती आपोआप मोडत गेली, काठ्या तेवढ्या बरेच दिवस दिसत. आबा लोणचं खाईनासे झाले. त्यांना कुणी कारण विचारलं तर म्हणत, "आंबट सोसंना आता."

मी बी. ए. झाले, लग्न झालं, नगरलाच स्थिरावले, शिकवू लागले. आठवीच्या वर्गाला 'ॲग्रीमेंट' हा शब्द दरवर्षी शिकवावा लागे. मुलींना मी दोन ओळी लिहून देत असे आणि एक वाक्य करायला सांगत असे. मुली घरभाड्याचं, लग्नाचं, दोन देशांचं वाक्य करत. मी बरोबरची खूण करत असे.

एकदा माळीवाड्याच्या स्टँडवर हिरा भेटली. सासर घोडेगावला. कडेवर नातू, केस पिकलेले. आम्ही बाकावर बसलो. ख्यालीखुशाली झाली. तात्या त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते, मला उशिरा कळलं होतं. मी म्हटलं, "हिरा, तात्यांनी त्या वेळी तुला काही सांगितलं होतं?"

"कागदाचं ना?" ती म्हणाली. "त्याच दिशी सांगितलं. घरी आले नि रडले. आई म्हनली, जावा नि लावा मोटर, काय हुतंय ती होऊ द्या. तर म्हनले, न्हाई, त्यास्नी नगं आसंल म्हनून तर ल्हिलंय. आपन हात लावला तर चोरी हुईल."

"आणि नंतर? बांधावर? आबांना का नाही सांगितलं?"

"पोर लहान हाय म्हनले. आत्या गेलीया तिची, आन् वर ह्ये. तिचं नाव घ्यायचं न्हाई म्हनून आमाला शपत घातली." तिने नातवाचं टोपडं सारखं केलं. "आमी वाट बघितली, शालन. आज सांगशील, उद्या सांगशील."

 तिने पिशवीतून दोन पेरू काढले, एक माझ्या हातात दिला. तिची गाडी लागली तशी ती उठली. आबा तेव्हा जिवंत होते. त्यानंतर सहा वर्षं जिवंत होते. दर सुट्टीत मी त्यांना भेटत होते, त्यांच्या पायांना तेल लावत होते. मी त्यांना सांगितलं नाही. आधी भीती होती, मग लाज, आणि शेवटी शेवटी वाटे, की त्यांचं आता वय झालं, एवढ्या वर्षांचा राग त्यांच्या हातून काढून घेतला तर ते कशाला धरून बसतील. हे शेवटचं कारणही खरं नसावं. तुम्हाला खोटं सांगायचं नाही म्हणून लिहिते. आबा गेले ते तात्यांनी आपल्याला फसवलं असं मानून गेले. अंत्ययात्रेला तात्यांच्या घरचं कुणी आलं नाही.

पण दुपारी टोपलं आलं. तात्यांच्या मुलाची बायको घेऊन आली होती. वर फडकं, आत भाकरी आणि पिठलं. तिने ते ओसरीवर ठेवलं, कुणाशी बोलली नाही, पदर सावरून निघून गेली. तात्या गेले होते तेव्हा आमच्या आईने असंच टोपलं पाठवलं होतं, हे मला वसंताने त्या दिवशी सांगितलं.

इरा, तुझ्या वहीत 'करार' असंच राहू दे. ते बरोबर आहे. तुमच्या फ्रिजवरच्या कागदाबद्दलही मला काही म्हणायचं नाही. भांडी घासायचे वार ठरलेले बरे असतात. त्या शेवटच्या ओळीवर मात्र, तुमच्यापैकी कुणी आजारी पडली किंवा कुणाच्या घरून वाईट बातमी आली तर काय करायचं, ते चौघी मिळून एकदा बोला. लिहायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला अजून ते ठरवता आलेलं नाही.

मूळ कागद माझ्याकडे आहे. कपाटाच्या डाव्या खणात, निळ्या फायलीत, चार घड्या घातलेला. आबांची सही स्पष्ट आहे, तात्यांचा अंगठा फिकट झाला आहे. विहीर कोरडी आहे, दोनपैकी एक थारोळं ढासळलं आहे. दीड एकरात वसंताचा मुलगा कांदा करतो. दोन्ही घरांत बोलणं नाही, आणि का नाही हे तिथल्या मुलांना सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात तात्यांचा मुलगा गेला तेव्हा मी गावीच होते. वसंताच्या सुनेने भाकरी थापल्या, टोपल्यावर फडकं टाकलं आणि निघाली. मी तिला विचारलं, त्यांच्या शेताला पाणी कोण देणार आता. तिने दारात थांबून विचारलं, "कसलं पाणी, आत्या?"

टोपलं तेवढं अजून जातं.